काविळीची नजर की मनातला सल : एका विशेषणाच्या अनुवादाचे प्रकरण

एका चरित्रग्रंथाच्या मराठी अनुवादाचे संपादन करताना एका विशेषणापाशी आमचे काम तीन आठवडे अडून राहिले. ते विशेषण म्हणजे इंग्रजीतील ‘जाँडिस्ड’. त्याचा मूळ अर्थ कावीळ झालेला असा आहे. रोजच्या वापरात मात्र ज्याच्या मनात कटुता, रोष किंवा अविश्वास साठला आहे अशा माणसाच्या दृष्टीविषयी तो शब्द योजला जातो. या शब्दावर आधी अनुवादकाची चूक झाली, मग ती दुरुस्त करताना माझी चूक झाली, आणि दोहोंपैकी माझी चूक अधिक गंभीर होती. अनुवादकाच्या चुकीमुळे चरित्रनायक आजारी ठरत होते. माझ्या दुरुस्तीमुळे ते खोटे ठरत होते. असा प्रसंग अनुवादाचे आणि संपादनाचे काम करणाऱ्या कोणावरही येऊ शकतो, म्हणून संबंधितांची ओळख पटेल असे तपशील वगळून तो येथे क्रमाने मांडला आहे.

मूळ प्रसंग आणि मूळ वाक्य

चरित्रनायक प्रयोगशाळेत काम करणारे संशोधक होते. त्यांनी पाच वर्षे घेतलेल्या निरीक्षणांवर आधारलेला एक शोधनिबंध त्यांच्या वरिष्ठांच्या नावाने प्रसिद्ध झाला आणि त्यांचे स्वतःचे नाव शेवटच्या आभाराच्या ओळीत आले. त्यांनी लेखी तक्रार केली. संस्थेने पहिल्या उत्तरात ती तक्रार पूर्वग्रहातून आलेली असल्याचे म्हटले. पुढे चौकशी समिती नेमली गेली, निरीक्षणे त्यांचीच असल्याचे समितीने मान्य केले, आणि तरीही छापलेल्या निबंधात दुरुस्ती अशी कधी झालीच नाही. तक्रार आणि समितीचा निर्णय यांच्या दरम्यान त्यांना ‘हिपॅटायटिस ए’ झाला. दोन महिने ते रजेवर होते, नंतर पूर्ण बरे होऊन कामावर परतले. त्यापुढे तीन वर्षे त्याच संस्थेत काढून ते निवृत्त झाले.

या तीन वर्षांविषयी मूळ लेखिकेने एक वाक्य लिहिले होते. त्याचा आशय असा, की शेवटच्या काळात संस्थेच्या प्रत्येक नव्या घोषणेकडे ते ‘जाँडिस्ड’ नजरेने पाहत असत. वाक्य छोटे होते, आणि त्याच्या मागेपुढे कोणतेही स्पष्टीकरण नव्हते. लेखिका त्यांच्या हाताखाली काम केलेली कनिष्ठ सहकारी. तिने तीन वर्षांच्या मनःस्थितीचे वर्णन एका विशेषणात आटोपले होते, कारण इंग्रजी वाचकाला तेवढे पुरेसे होते.

अनुवादकाने पहिल्या खर्ड्यात लिहिले : ‘शेवटच्या तीन वर्षांत संस्थेच्या प्रत्येक नव्या घोषणेकडे ते काविळीने पिवळ्या झालेल्या डोळ्यांनी पाहत असत.’

पहिली चूक कशी घडली

हे वाक्य निष्काळजीपणे लिहिले गेले असे मानणे अन्यायाचे ठरेल. अनुवादकाला शास्त्रीय मजकुराच्या अनुवादाचा दीर्घ अनुभव होता, आणि चुकीची वाट आधीच्या प्रकरणातच आखली गेली होती. मूळ लेखिकेने आजारपणाच्या वर्णनात सर्वत्र ‘हिपॅटायटिस’ हाच शब्द वापरला होता. ‘जाँडिस’ हा शब्द तिने तेथे एकदाही येऊ दिला नव्हता. त्यामुळे इंग्रजीत आजार आणि कटुता यांचे शब्द वेगळे राहिले होते. मराठीत मात्र आपण ‘हिपॅटायटिस’ला सर्रास कावीळ म्हणतो, दवाखान्यातही ‘अ’ प्रकारची कावीळ, ‘ब’ प्रकारची कावीळ असे सांगितले जाते. अनुवादकाने त्याच रूढीला धरून आजारपणाच्या प्रकरणात कावीळ हा शब्द अनेकदा वापरला. मग पुढच्या प्रकरणात खुद्द ‘जाँडिस्ड’ हे विशेषण समोर आले, तेव्हा मागचा आजार पुन्हा बोलतो आहे असे त्याला वाटणे स्वाभाविक होते.

वैद्यकीयदृष्ट्या कावीळ हा स्वतंत्र रोग नाही, ते एक लक्षण आहे. तांबड्या रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की हिमोग्लोबिनमधील ‘हीम’ या घटकापासून आधी हिरवट बिलिव्हर्डिन आणि मग पिवळे बिलिरुबिन तयार होते. ते रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून यकृताकडे जाते, यकृत त्याला पाण्यात विरघळण्याजोगे रूप देते, आणि पित्तावाटे ते आतड्यात सोडले जाते. रक्तपेशी फार वेगाने मोडल्या, यकृताच्या पेशींना दाह झाला किंवा पित्तनलिका अडली, तर या साखळीतील कोणत्याही टप्प्यावर बिलिरुबिन साठते आणि माणूस पिवळा दिसू लागतो. रक्तातील त्याचे प्रमाण एरवी प्रति डेसिलिटर सुमारे १ मिलिग्रॅमपर्यंत असते, ते २.५ ते ३ मिलिग्रॅमच्या आसपास गेले की डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळी झाक ओळखू येते. जुन्या वैद्यांनीही हे लक्षण बारकाईने पाहिले होते. चरकसंहितेत कामलेचे, म्हणजे काविळीचे, वर्णन पांडुरोगाच्या अध्यायात येते आणि तिच्या एका प्रकारात मल वाटलेल्या तिळांसारखा फिकट होतो असे नोंदवलेले आहे. पित्त आतड्यात पोहोचले नाही की नेमके हेच घडते.

हा तपशील आमच्या कामाला थेट उपयोगी पडला. मुद्रितशोधन करणाऱ्या सहकाऱ्याने समासात एक साधा प्रश्न लिहिला होता : ‘आजार बरा झाला होता ना? मग तीन वर्षे डोळे पिवळे कसे?’ ‘हिपॅटायटिस ए’चा संसर्ग दीर्घकाळ घर करून राहत नाही, त्याची कावीळ बहुधा काही आठवड्यांत ओसरते. म्हणजे खर्ड्यातले वाक्य खरे मानायचे, तर चरित्रनायकांना दुसराच काही जुनाट यकृतविकार होता असे मानावे लागले असते, आणि चरित्रात त्याचा मागमूस नव्हता. ते विशेषण आजाराविषयी नव्हतेच, ही गोष्ट त्या एका प्रश्नाने निश्चित झाली.

माझी दुरुस्ती

मी कोश उघडले. ‘जाँडिस्ड’ या शब्दासमोर पूर्वग्रहदूषित, मत्सरी, कलुषित असे पर्याय मिळाले. शिवाय आपल्याकडे म्हणच आहे, की कावीळ झालेल्याला सारे जग पिवळे दिसते. आणि ती आपण पूर्वग्रहदूषित माणसालाच लावतो. कोश आणि म्हण दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते, म्हणून मी फारसा विचार न करता वाक्य बदलले : ‘शेवटच्या तीन वर्षांत संस्थेच्या प्रत्येक नव्या घोषणेकडे ते पूर्वग्रहदूषित नजरेने पाहत असत.’

वाक्य व्याकरणाने निर्दोष होते. अनुवादकालाही ते पटले. मजकूर मूळ लेखिकेकडे गेला. तिची मातृभाषा मराठीच होती. चार दिवसांनी तिचे पत्र आले. त्यात तिने दोनच गोष्टी लिहिल्या होत्या. पहिली अशी, की ‘तुम्ही पूर्वग्रह म्हणता, पण सरांचा ग्रह आधी झालेला नव्हता, सगळे घडून गेल्यावर झाला.’ दुसरी अशी, की संस्थेच्या पहिल्या उत्तरातला शब्द हाच होता, आणि ज्या शब्दाने संस्थेने त्यांना नाकारले तोच शब्द त्यांच्या चरित्रात, चरित्रकाराच्या तोंडी घालता कसा येईल, हे तिला समजत नव्हते.

मी मागील प्रकरण पुन्हा वाचले. संस्थेच्या उत्तराच्या अनुवादात खरोखरच ‘आपली तक्रार पूर्वग्रहदूषित आहे’ असे वाक्य होते, आणि ते माझ्याच हाताखालून गेले होते. वीस पानांच्या अंतरावर तोच शब्द मी निवेदनात आणून ठेवला होता. वाचकाला त्याचा अर्थ एकच लागला असता : संस्था म्हणत होती ते शेवटी लेखिकेनेही मान्य केले. समितीने ज्यांच्या बाजूने निर्णय दिला होता, त्यांना या अनुवादात आम्ही पुन्हा दोषी ठरवत होतो. एखादा अनुवाद अर्थाने जवळचा असूनही निवाडा उलटा देऊ शकतो, हे मला या ठिकाणी प्रथम इतक्या स्पष्टपणे दिसले, आणि ते पत्र वाचून मला मनापासून लाज वाटली.

म्हण काय गृहीत धरते

चूक लक्षात आली, तरी ती का झाली हे समजल्याशिवाय नवा शब्द निवडण्यात अर्थ नव्हता. म्हणून आम्ही तिघांनी, म्हणजे लेखिका, अनुवादक आणि मी, काविळीच्या नजरेचे हे रूपक मुळापासून तपासले. प्रकरणाचा हा भाग सर्वांत लांबला, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचाही तोच आहे.

कावीळ हे मराठी नाव संस्कृतातील कामलेशी जोडले जाते. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात एक सूक्त आहे. त्यात रुग्णाचा पिवळेपणा पोपटांकडे आणि इतर पक्ष्यांकडे पाठवून त्याला तांबड्या गाईंचा वर्ण लाभावा अशी प्रार्थना आहे. तेथे पिवळेपणा केवळ रंग आहे, रुग्णाच्या दृष्टीवर किंवा स्वभावावर कोणताही आक्षेप नाही. आक्षेप आला तो दर्शनशास्त्रांत. भ्रम म्हणजे काय, याची चर्चा करताना मीमांसक, नैयायिक आणि वेदान्ती पुन्हा पुन्हा एकच उदाहरण घेतात : ‘पीतः शंखः’, काविळीच्या रुग्णाला दिसणारा पिवळा शंख. शंख तर पांढरा, मग तो पिवळा कसा दिसला? मीमांसक प्रभाकरांच्या मते पित्ताचा पिवळेपणा आणि शंख या दोन गोष्टींमधला भेदच लक्षात येत नाही. वेदान्ती रामानुजांनी श्रीभाष्यात, म्हणजे ब्रह्मसूत्रांवरील आपल्या भाष्यात, सांगितले आहे, की डोळ्यातले पित्त नेत्रकिरणांबरोबर बाहेर पडून शंखाला जाऊन लागते आणि सोन्याचा लेप दिल्यासारखा तो पिवळा भासतो. कारणमीमांसा वेगवेगळी आहे, परंतु एका बाबीवर कोणाचाही मतभेद नाही : शंख पांढरा आहे, हे सर्वांनी चर्चेपूर्वीच मान्य केलेले आहे. पिवळा शंख दिसतो म्हणणाऱ्याच्या समोर खरोखरच पिवळी वस्तू ठेवलेली असू शकेल, ही शक्यता त्या उदाहरणात बसतच नाही.

मराठीत हे उदाहरण फार आधीपासून रुजले आहे. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात, काविळीने वेधलेली दृष्टी चांदण्याला पिवळे म्हणते, असा दृष्टान्त येतो. निर्मळ स्वरूपात दोष पाहणाऱ्यांसाठी तो योजलेला आहे. त्याला लागूनच दुसरा दृष्टान्त आहे, ज्वराने बिघडलेले तोंड दुधाला कडू विष म्हणते. पिवळेपणा आणि कडूपणा, म्हणजे आमच्या विशेषणाचे दोन्ही अर्थ, तेथे शेजारी शेजारी उभे आहेत. पण तेथेही चांदणे शुभ्रच आहे आणि दूध गोडच आहे; दोष पाहणाऱ्याचा आणि चाखणाऱ्याचा आहे. ईश्वरस्वरूपाविषयी बोलताना ते योग्यच होते. एखाद्या संस्थेच्या कारभाराविषयी बोलताना तेच रूपक वापरले, की संस्थेला आपोआप चांदण्याची जागा मिळते.

पाश्चात्त्य परंपरेतही आरंभ असाच आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन कवी ल्युक्रीशसने आपल्या काव्याच्या चौथ्या भागात कावीळ झालेल्यांना सारे पिवळे दिसते असे लिहिले, आणि १७११ मध्ये इंग्रज कवी अलेक्झांडर पोपने समीक्षेवरील काव्यनिबंधात हीच उपमा सदोष समीक्षकाला लावली. परंतु इंग्रजीत या शब्दाला आणखी एक पदर मिळाला. ग्रीक भाषेत पित्ताचा आणि रागाचा शब्द एकाच कुळातला होता. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेनच्या वैद्यकाने माणसाचे स्वभाव शरीरातील चार द्रवांवर बसवले, आणि पिवळे पित्त वाढले की माणूस तापट होतो ही समजूत युरोपात शतकानुशतके टिकली. आपणही पित्त खवळले म्हणतो, ते याच जवळचे आहे. पित्त चवीला कडू असते. त्यामुळे इंग्रजीतील पिवळ्या नजरेत केवळ चुकीचा रंग उरला नाही, कडूपणाही आला. आणि हळूहळू हा शब्द अनुभवाने आशा गमावलेल्या, पुन्हा सहजासहजी विश्वास न ठेवणाऱ्या माणसालाही लागू लागला. आजच्या इंग्रजीत दोन्ही अर्थ नांदतात. लेखिकेला दुसरा अभिप्रेत होता. मराठी म्हणीजवळ फक्त पहिला होता. माझी चूक या फटीत झाली होती.

येथे वैद्यकाने आमच्या विचाराला एक अनपेक्षित कलाटणी दिली. कावीळ झालेल्या माणसाला खरोखर सारे पिवळे दिसते का? नेहमीच्या काविळीत तसे होत नाही. बिलिरुबिन डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील आवरणात दिसून येते. प्रकाश मात्र आत जातो तो समोरच्या पारदर्शक पटलातून आणि भिंगातून. अशा दृष्टिदोषाचे क्वचित उल्लेख आढळतात, पण पिवळे दिसण्याचे अधिक परिचित कारण वेगळेच आहे : हृदयविकारात दिल्या जाणाऱ्या डिगॉक्सिनची मात्रा जास्त झाल्यास वस्तूंभोवती पिवळी झाक दिसू शकते. कावीळ झालेला माणूस एरवी रंग पूर्वीसारखेच पाहतो. पिवळेपणा दिसतो तो त्याच्याकडे पाहणाऱ्यांना.

लेखिकेने हे वाचल्यावर फक्त एवढेच म्हटले, ‘सरांच्या बाबतीत हेच झाले. त्यांना दिसत होते ते बरोबर होते. बाकीच्यांना मात्र त्यांचे डोळे दिसत होते.’ आम्ही काही काळ हाच विचार मजकुरात आणण्याचा प्रयत्न केला, पण तो सोडून दिला, कारण तो आमचा होता, मूळ वाक्यातला नव्हता. अनुवादात स्वतःला सुचलेली चांगली गोष्ट घालण्याचा मोह आवरणे हे संपादकाचे काम आहे असे मी मानतो.

पर्यायांची छाननी

आता प्रश्न नेमका झाला होता. असा शब्द हवा होता, जो कटुता सांगेल, पण तिचे कारण पाहणाऱ्याच्या स्वभावात ढकलणार नाही.

‘मत्सर’ आणि ‘पोटशूळ’ तत्काळ बाद झाले. पोटशूळ हाही मुळात वैद्यकातलाच शब्द आहे. पोटातील तीव्र कळ असा त्याचा अर्थ. पण दुसऱ्याचे भले पाहून पोटशूळ उठतो, स्वतःवर अन्याय झाल्यामुळे उठत नाही, त्यामुळे तो शब्द उलट माणसाला हलका ठरवतो. ‘आकस’ या शब्दात सूडाची छटा आहे. चरित्रनायकांनी तीन वर्षांत कोणाचेही वाईट केले नव्हते. कनिष्ठांना ते पूर्वीइतक्याच मनापासून शिकवत होते, हे लेखिकेने स्वतः पाहिलेले होते. ‘अढी’ जवळ येत होती, कारण अढी बसते ती काहीतरी घडल्यानंतरच बसते. पण अढी बहुधा एखाद्या व्यक्तीविषयी असते आणि समजूत घातली की सुटू शकते, असे त्या शब्दाचे वजन आहे.

अनुवादकाने ‘विटलेल्या नजरेने’ असा पर्याय सुचवला, आणि तो मला फार आवडला होता. आजारपणात तोंड विटते, तसे मनही विटते. शरीर आणि भावना यांना जोडणारा तो अस्सल मराठी शब्द आहे. परंतु विटलेला माणूस पाठ फिरवतो. चरित्रनायक प्रत्येक नवी घोषणा वाचत होते, तिच्यावर प्रश्न विचारत होते, बैठकीत उभे राहून जुन्या आश्वासनांची आठवण करून देत होते. ते विटलेले नव्हते.

‘कडवट’ हा शब्द बराच वेळ चर्चेत राहिला. तो इंग्रजी शब्दाच्या सर्वांत जवळ जातो. त्यात अडचण एवढीच, की ज्वराने बिघडलेल्या तोंडाचा तो दृष्टान्त आपल्या भाषेच्या स्मृतीत खोल आहे. कडवट माणूस म्हटले की कडूपणा त्याच्या जिभेवरच आहे असे आपण धरून चालतो. दूध खरोखर नासले असेल, असे वाचकाच्या मनात येण्यासाठी शेजारी आणखी काहीतरी हवे होते.

ते ‘सल’ या शब्दाने दिले. ‘सल’ हा संस्कृत शल्याचा मराठी अवतार आहे. शल्य म्हणजे शरीरात घुसून राहिलेली टोचणारी वस्तू, बाणाचे टोक, काटा, तुसाचा कण. शल्यचिकित्सा आणि शल्यक्रिया हे शब्द त्याच्यावरूनच आले. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायात यंत्रांची, म्हणजे शल्य बाहेर काढण्याच्या साधनांची, संख्या एकशे एक सांगितली आहे, आणि तेथेच शल्याची व्याख्या करताना मनाला आणि शरीराला पीडा देणारे ते शल्य असे म्हटले आहे. शस्त्रक्रियेची उपकरणे मांडताना ग्रंथकाराने शरीराच्या आधी मनाचा उल्लेख केला, याचे मला आजही नवल वाटते. म्हणजे ‘सल’ हाही रोष आणि व्यथा सांगणारा, वैद्यकातून आलेला शब्दच होता. काविळीच्या जागी आम्ही दुसरी वैद्यकीय प्रतिमाच ठेवत होतो. फरक कारणाच्या दिशेत होता. कावीळ शरीराच्या आतून येते. काट्यासारखे शल्य बाहेरून येते, ते आत शिरायला काहीतरी घडावे लागते. आणि ते काढले गेले नाही, तर सलत राहणे हा जखमी माणसाचा दोष ठरत नाही. समितीने अन्याय मान्य केला आणि निबंध दुरुस्त केला नाही, या घटनेला याहून नेमका शब्द मला सापडला नसता. काटा रुतला आहे हे वैद्याने मान्य करावे आणि तो तसाच ठेवून रुग्णाला घरी पाठवावे, तसे ते घडले होते.

तरीही एकट्या ‘सल’ने भागत नव्हते. सल आत दुखतो. बाहेर पाहणाऱ्या नजरेचा कठोरपणा त्यातून पुरेसा व्यक्त होत नाही. इंग्रजी विशेषणात अविश्वासाची जी धार होती, ती सल या शब्दाने बोथट होऊन केवळ दुःख उरले असते, आणि चरित्रनायक बिचारे वाटले असते. लेखिकेला तेही मान्य नव्हते. म्हणून कारणासाठी सल आणि नजरेसाठी कडवटपणा असे दोन शब्द एका वाक्यात आणायचे ठरले.

अंतिम रूप

माझ्या पुढच्या खर्ड्यात वाक्य असे झाले : ‘त्या प्रकरणाचा सल मनात राहिल्यामुळे शेवटच्या तीन वर्षांत संस्थेच्या प्रत्येक नव्या घोषणेकडे ते कडवटपणे पाहत असत.’ लेखिकेने ‘त्या प्रकरणाचा’ हे शब्द काढायला सांगितले. मागच्याच प्रकरणात निबंधाची हकिकत होती, आणि वाचकाला ती पुन्हा बोट दाखवून सांगण्याची गरज तिला वाटत नव्हती. ‘कडवटपणे’ऐवजी तिने ‘कडवट अविश्वासाने’ असे सुचवले. त्यामुळे वाक्य आणखी लांबले, पण कडवटपणा जिभेवरून उठून घोषणांशी जोडला गेला. आश्वासने न पाळणाऱ्यांवर अविश्वास दाखवला तर तो स्वभावदोष वाटत नाही. छापले गेलेले वाक्य असे आहे : ‘मनात सल राहिला होता, आणि शेवटच्या तीन वर्षांत संस्थेच्या प्रत्येक नव्या घोषणेकडे ते कडवट अविश्वासाने पाहत असत.’

या निर्णयात काही गमावले, हे नोंदवणे आवश्यक आहे. मूळ वाक्यात एक विशेषण होते. अनुवादात एक स्वतंत्र उपवाक्य आणि दोन शब्द आले. मूळ लेखिकेने कारण न सांगता सूचित केले होते, आम्ही ते अर्धे सांगून टाकले. रंग तर पूर्णच गेला. इंग्रजी वाचकाला त्या शब्दात जी पिवळी छटा क्षणभर दिसत असेल, ती मराठी वाचकाला मिळणार नाही. लेखिकेने हे तोटे समजून घेऊन संमती दिली, आणि अनुवादकाने आपल्या टिपणवहीत दोन्ही जुने खर्डे तसेच ठेवले.

एक दुरुस्ती आजारपणाच्या प्रकरणातही करावी लागली. तेथे पहिल्या उल्लेखात ‘यकृताचा विषाणूजन्य दाह’ असे लिहून, डोळे पिवळे दिसू लागले त्या एका प्रसंगापुरताच कावीळ हा शब्द ठेवला. बाकी सर्व ठिकाणी ‘यकृतदाह’ किंवा नुसते ‘आजारपण’ असे केले. आजार आणि रोष यांच्यामध्ये इंग्रजी मजकुरात जे अंतर होते, ते त्यामुळे मराठीतही परत आले, आणि मुद्रितशोधकाच्या समासातील प्रश्नापुढे मला ‘होय, बरा झाला होता’ असे लिहिता आले. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची आहे. तिच्यात कावीळ या नोंदीसमोर आता एकाच पानाचा क्रमांक आहे, आणि ते पान आजारपणाच्या प्रकरणातले आहे.